अर्ध्या किलोचं डंबेल आणि उजवं हृदय

तिच्या हातात अर्ध्या किलोचं डंबेल दिलं तेव्हा ती हसली. "मॅडम, हे काय? सकाळी नळ आला की मी दहा-बारा कळश्या भरते." मग जरा थांबून, "भरायचे."

वय एकोणचाळीस. दोन वर्षांपासून जिना चढताना दम लागत होता. आधी कोणी म्हणालं वजन वाढलंय, मग रक्त कमी आहे, मग टेन्शन फार घेता, मग दम्याचा पंप झाला. एके दिवशी बस पकडायला धावताना स्टॉपवरच भोवळ येऊन पडली, तेव्हा कुठे टूडी एको झाला. तिथून कॅथ लॅब, म्हणजे नळी घालून हृदय तपासतात ती जागा, आणि फाइलवर लांबलचक नाव आलं: पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पीएएच. (ही एकच बाई नाही. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या तिघीचौघींचे तपशील मिसळून मी ही एक केली आहे.) निदान झाल्यावर घरच्यांनी सगळ्यात आधी काय केलं, तर तिला खुर्चीत बसवलं. सासूबाई म्हणाल्या, तू हलू नकोस, आम्ही आहोत ना. सात महिने ती हलली नाही. माझ्याकडे आली तोवर बाथरूमपर्यंत जातानाही तिला दम लागत होता, आणि आजार वाढला या समजुतीने घर हादरलं होतं.

आजार वाढला नव्हता. औषधं नीट चालू होती, एकोचे आकडे आधीपेक्षा बरे होते. मांड्या मात्र काठीसारख्या झाल्या होत्या.

मी हृदय आणि फुफ्फुसांच्या पेशंटना व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आहे. या आजारात माझं निम्मं काम लोकांना हलवण्याचं असतं आणि निम्मं त्यांना आवरण्याचं. आवरणं जास्त अवघड जातं. का, ते कळायला आधी आत काय बिघडतं ते बघू.

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. पीएएचच्या पेशंटचं ते बीपी बहुतेक वेळा नॉर्मल, कधीकधी कमीच असतं, आणि म्हणून तर कोणाला शंका येत नाही. इथे दाब वाढतो तो हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत. अंगभर फिरून आलेलं सगळं रक्त, बसल्या जागी मिनिटाला साधारण पाच लिटर, याच वाटेने फुफ्फुसांत जातं. तेवढंच रक्त डावी बाजू पुढे शरीराला पाठवते. पण शरीराकडे ढकलायला सरासरी नव्वदच्या आसपास दाब लागतो आणि फुफ्फुसांकडे जेमतेम चौदा. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या रुंद, मऊ आणि असंख्य असतात, त्यामुळे उजव्या कप्प्याला कधी जोर लावावाच लागत नाही. त्याची भिंतही डाव्याच्या मानाने पातळच असते.

धडधाकट माणूस जिना चढतो तेव्हा फुफ्फुसांतून जाणारं रक्त दुप्पट-तिप्पट होतं, तरी दाब फारसा चढत नाही, कारण एरवी मिटून असलेल्या वाहिन्या उघडतात. पीएएचमध्ये फुफ्फुसांतल्या बारीक धमन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. वाट अरुंद होते आणि उघडायला राखीव काही उरत नाही. मग जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर पायांचे स्नायू रक्त मागतात, उजवा कप्पा ढकलू पाहतो, पुढे जागा नसते. तो फुगतो, मधला पडदा डावीकडे सरकतो, डाव्या कप्प्यात रक्त भरायलाच जागा कमी पडते. इकडे पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र सैल होऊन वाट बघत बसलेल्या. अंगातलं बीपी एकदम उतरतं आणि माणूस खाली बसतो, किंवा पडतो. बस स्टॉपवर झालं ते हेच.

निदान एकोवर पक्कं होत नाही. मानेतून किंवा जांघेतून नळी घालून उजव्या हृदयातला दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. (वर्नर फोर्समन नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये अशी नळी स्वतःच्याच हातातून हृदयापर्यंत सरकवली होती आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला होता. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोघांसोबत वाटून.) धमनीतला सरासरी दाब २० च्या वर असेल तर तो वाढलेला धरतात. १९७३ च्या जिनिव्हातल्या बैठकीपासून हा आकडा २५ होता, २०१८ पासून २० धरू लागले. त्याच नळीतून डाव्या बाजूचा दाब आणि रक्तवाहिन्यांचा अडथळाही काढतात, कारण डाव्या हृदयाच्या किंवा फुफ्फुसांच्या दुसऱ्या आजारांमुळेही हा दाब चढतो आणि त्यांचे उपचार निराळे. फुफ्फुसांत जुन्या गुठळ्या अडकून दाब वाढला असेल तर काही जणांना ऑपरेशनने फार मोठा फरक पडतो. म्हणून गुठळ्यांची तपासणी न होता नुसतं पीएएच म्हणून गोळ्या सुरू झाल्या असतील, तर डॉक्टरांना तेवढं जरूर विचारा.

"हलू नकोस" हे सासूबाईंनी मनाने काढलेलं नव्हतं. कित्येक वर्षं डॉक्टरही हेच सांगत. त्याला कारण होतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नोंदींनुसार निदानानंतर निम्मे पेशंट तीन वर्षंही काढत नसत, औषधं जवळजवळ नव्हतीच, आणि श्रमाने भोवळ येते हे तर डोळ्यांसमोर दिसत होतं. अशा वेळी व्यायाम करा म्हणायला कोण धजावणार? आम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी अजून पेशंटना सांगते. ज्या उंदरांचा आजार स्थिर होता त्यांना पळवल्याने फायदा झाला. ज्यांचा आजार वाढत चालला होता त्यांची अवस्था पळवल्याने आणखी बिघडली. म्हणजे जुन्या डॉक्टरांची भीती खोटी नव्हती, ती सरसकट सगळ्यांना लावली एवढंच.

चित्र पालटलं ते जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये. २००६ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी फक्त तीस पेशंट घेतले. सगळ्यांची औषधं आधीपासून चालू होती आणि आजार स्थिर होता. पंधरा जणांना व्यायाम, पंधरा जणांना व्यायाम सोडून बाकी सगळं: आहार, मालिश, समुपदेशन. पहिले तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये, डोळ्यांसमोर. पुढचे बारा आठवडे घरी. पंधरा आठवड्यांनी दोन्ही गटांत सहा मिनिटांत चालण्याच्या अंतराचा फरक निघाला १११ मीटर.

हा आकडा किती मोठा, ते कळायला ती चाचणी बघायला हवी. आमच्याकडे ती ओपीडीच्या मागच्या कॉरिडॉरमध्ये होते. तीस मीटर लांब, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, बाजूला खुर्च्या. पेशंटने सहा मिनिटं आपल्या चालीने चालायचं. थांबलं तरी चालतं, भिंतीला टेकलं तरी चालतं, घड्याळ मात्र थांबत नाही. मी मिनिटामिनिटाला ठरलेलंच वाक्य ठरलेल्याच आवाजात बोलते, कारण "चला चला, शाब्बास" म्हटलं की लोक जास्त चालतात आणि मग दोन चाचण्यांची तुलना होत नाही. नवरा सोबत असेल तर त्याला आधीच बाहेर चहाला पाठवते. पीएएचच्या पेशंटला स्वतःला "बरं वाटतंय" असं जाणवायला सुमारे ३३ मीटरचा फरक लागतो, असा एक अभ्यास आहे. म्हणजे आमच्या कॉरिडॉरची एक फेरी. हायडेलबर्गमध्ये जवळपास चार फेऱ्यांचा फरक पडला होता.

एवढा मोठा आकडा टिकणार नव्हता आणि टिकला नाही. एकाच ठिकाणी, तीस जणांत, निष्णात हाताखाली जे होतं ते दहा देशांत पसरलं की आकसतं. २०२१ मध्ये युरोपातल्या अकरा केंद्रांचा अभ्यास आला, ११६ पेशंटचा. फरक निघाला सुमारे ३४ मीटर. माझ्या मते खरा, विश्वास ठेवावा असा आकडा हा आहे. कमी वाटला तर एक तुलना करून बघा. याच आजारात सिल्डेनाफिल ही गोळी मान्य झाली त्या २००५ च्या अभ्यासात, नेहमीच्या डोसला फरक होता ४५ मीटर. तो औषध नसलेल्यांशी तुलना करून. व्यायामाचा फरक औषधं चालू असताना, त्यांच्यावर आणखी मिळालेला. २०२२ मध्ये युरोपच्या हृदय आणि श्वसन तज्ज्ञांच्या संस्थांनी देखरेखीखालच्या व्यायामाला आपल्या मार्गदर्शनात सगळ्यात वरच्या दर्जाची शिफारस दिली.

आता एक प्रश्न हमखास येतो: व्यायामाने त्या बारीक धमन्या उघडतात का? नाही, तसं समजून चालू नका. हायडेलबर्गच्याच २०१६ च्या अभ्यासात नळी घालून मोजल्यावर उजव्या हृदयाच्या कामात सुधारणा दिसली, आणि ती आशादायक आहे. पण फायद्याचा मोठा भाग माझ्या नजरेला पायांत दिसतो. या आजारात मांडीच्या स्नायूंमध्ये दमदार, टिकाऊ प्रकारचे धागे कमी होतात, त्यांच्यातल्या केशवाहिन्या विरळ होतात, श्वासाचे स्नायूही कमजोर पडतात. त्यात खुर्चीत सात महिने. असा स्नायू मिळालेला ऑक्सिजन नीट वापरत नाही, म्हणून त्याच कामाला जास्त रक्त मागतो. आणि जास्त रक्त देणं हीच तर उजव्या कप्प्याची अडचण आहे. मांडी सुधारली की तीच पायरी कमी रक्तात चढता येते. कर्ज फिटत नाही, पण घरखर्च कमी होतो म्हणा.

मग व्यायाम म्हणजे नेमकं काय? हायडेलबर्गच्या पद्धतीत सायकल आहे, एका जागी बसून चालवायची. भार १० ते ६० वॅट. दहा वॅट म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बाएवढं काम. अर्धा मिनिट हलका भार, एक मिनिट थोडा जास्त, पुन्हा अर्धा मिनिट हलका, असं दहा ते पंचवीस मिनिटं. हा चढउतारच महत्त्वाचा, कारण उजवा कप्पा थकायच्या आत त्याला उसंत मिळते. शिवाय सपाटीवर चालणं, श्वासाचे व्यायाम, आणि अर्धा ते एक किलोची डंबेलं, एका वेळी एकाच स्नायूसाठी. नाडी १२० च्या वर जाऊ द्यायची नाही, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या खाली नाही. हे आकडे त्या अभ्यासातले. तुमचे आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील. जन्मापासून हृदयात छिद्र राहून ज्यांना हा आजार झाला आहे, ज्यांचे ओठ-नखं निळसर असतात, त्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीच ८५ च्या खाली असू शकतो. आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत. त्यांना हा नियम जसाच्या तसा लावला तर ते खुर्चीतून उठायचेच नाहीत.

ऑक्सिमीटरबद्दल एक. कोविडनंतर तो घरोघरी आहे, पण गार बोटांवर तो भलतंच सांगतो. स्क्लेरोडर्मासारख्या, त्वचा कडक करत जाणाऱ्या आजारातून पीएएच झालेल्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात, त्यांनी आधी हात चोळून गरम करायचे. नेलपॉलिश काढायचं. आणि आकडा बघायचा तो स्थिर झाल्यावर, पहिल्या सेकंदाचा नाही.

घरी डंबेल नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्या, वजन तेवढंच. बसून, कोपर कमरेशी, बाटली खांद्यापर्यंत नेताना तोंडाने हळू श्वास सोडायचा, खाली आणताना नाकाने घ्यायचा. दहा वेळा. मग थांबायचं, खरंच थांबायचं, एक-दोन मिनिटं. किती जोर झाला ते ओळखायला माझी एक कसोटी आहे: "चहा टाका, साखर कमी घाला" एवढं एका दमात म्हणता आलं पाहिजे. "चहा टाका" म्हणून श्वास घ्यावा लागला तर जास्त झालं.

आता ते आवरण्याचं. घाबरलेली माणसं हळूहळू सुधारतात. उत्साही माणसांची मला काळजी वाटते. दोन आठवड्यांत बरं वाटलं की ती एकदम सोसायटीच्या तीन मजल्यांवर चढून बघतात. किंवा आमच्या या ताईंसारखी, "आज दम नव्हता म्हणून दोन कळश्या उचलल्या." भरलेली कळशी दहा-बारा किलोची. पण नुसतं वजन हा प्रश्न नाही. ती उचलताना माणूस नकळत श्वास कोंडून कुंथतो. कुंथलं की छातीतला दाब चढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आणि आधीच काठावर असलेलं बीपी कोसळतं. म्हणून या आजारात कुंथणं म्हणजे शत्रू: बादली उचलताना, घट्ट बरणीचं झाकण उघडताना, मिक्सर वरच्या फळीवर ठेवताना, आणि संडासात. बद्धकोष्ठतेबद्दल डॉक्टरांना सांगायला लाजू नका, तो इथे हृदयाचा विषय आहे. दोरीवर कपडे वाळत घालणंही दिसतं तेवढं हलकं नाही, हात डोक्याच्या वर राहतात. खाली घडीचा स्टँड घ्या.

योगाचं विचारतातच. श्वास सोडण्यावर भर असलेला संथ प्राणायाम, शिट्टी घातल्यासारखे ओठ करून सोडलेला लांब श्वास, हे मी करून घेते. कुंभक नाही, कारण तो श्वास कोंडणंच आहे. जोरकस कपालभाती नाही. डोकं खाली जाणारी आसनं आणि भरभर सूर्यनमस्कार नाहीत. यावर कोणी रागावतं. रागावू दे.

सुरुवात कोणी करू नये, तेही सांगते. औषधं अलीकडेच बदललेली, गेल्या काही आठवड्यांत भोवळ आलेली, पायांवर सूज किंवा वजन भराभर वाढणारं, बसल्या जागी दम लागणारा: यांनी आधी डॉक्टर, मग सायकल. साधारण दोन-तीन महिने औषधं आणि तब्येत स्थिर असलेला पेशंट व्यायामाला योग्य. सर्दी-तापात सुट्टी. आणि पहिले काही आठवडे कोणाच्या तरी नजरेखालीच. १८३ पेशंटच्या एका अभ्यासात, हे सगळं पाळूनही, १३.६ टक्के जणांना काही ना काही त्रास झाला, श्वसनाचा संसर्ग किंवा भोवळ वगैरे. लपवण्यासारखा आकडा नाही, आणि म्हणूनच यूट्यूबवरून हा व्यायाम शिकू नये.

अडचण अशी की जर्मनीसारखे तीन आठवडे हॉस्पिटलात राहून व्यायाम करणं आपल्याकडे कोणाला परवडत नाही, आणि मोठी शहरं सोडली तर हे काम जाणणारा फिजिओ सापडणंही मुश्कील. मग मी तडजोड करते. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा माझ्यासमोर, नंतर घरी, वहीत नाडी आणि ऑक्सिजन लिहून व्हिडिओ कॉलवर. ताईंच्या पहिल्या चाचणीत कॉरिडॉरच्या नऊ फेऱ्या झाल्या होत्या, मध्ये दोनदा भिंत धरून. चौथ्या महिन्यात अकरा झाल्या, भिंत न धरता. दोन फेऱ्या. कळश्या आता दीर भरतात, ती नळाला पाइप लावून पिंपात पाणी सोडते आणि शेजारी स्टुलावर बसून भाजी निवडते.

प्रवासाचंही थोडं. उंचीवर हवा विरळ होते आणि फुफ्फुसांतल्या वाहिन्या आणखी आवळतात. १५०० ते २००० मीटरच्या वर ऑक्सिजनची सोय असल्याशिवाय जाऊ नये असं सांगतात. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे डॉक्टरांना विचारून जाता येईल. लेह ३५०० मीटर. भावाने कितीही आग्रह केला तरी नाही. विमानाच्या आतही हवा डोंगरावरच्यासारखी विरळ असते, म्हणून तिकिटाआधी विचारा.

आणि पर्समध्ये एक कार्ड. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्या दुसऱ्याच कारणाने, पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवरच्या म्हणून, प्रसिद्ध आहेत, मेडिकलवाला गालातल्या गालात हसतो, म्हणून बायका पट्टी लपवून ठेवतात आणि घरातही कोणाला नाव माहीत नसतं. मग एखाद्या दिवशी चालताना छातीत जड वाटतं, आणि बाकावरचे एखादे काका मायेने स्वतःच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, जिभेखाली ठेवायला देतात. सॉर्बिट्रेट आणि यातली कुठलीही गोळी एकत्र आली तर बीपी जीवघेणं कोसळू शकतं. कार्डावर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव, गोळ्यांची नावं, डॉक्टरांचा फोन आणि खाली लाल पेनाने: सॉर्बिट्रेट देऊ नका. मराठीत लिहा, काकांना वाचता आलं पाहिजे. आणि लॅमिनेट करून घ्या, पावसाळ्यात शाई पसरते.